पायाळू बाईचा नवरा

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना बाळाचं डोकं आधी येतं, माझे पाय आधी आले. माहेर डिंगोऱ्याचं, तिथंच घरात सुईणीच्या हातावर जन्मले. आई सांगायची, सुईण आधी घाबरली आणि सगळं नीट पार पडल्यावर म्हणाली, घ्या, घरात वैद्य आला. पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली चमक उतरते, असं आमच्याकडं सगळे मानतात. वाकलेला माणूस उठायला जातो आणि कमरेत खटकन काहीतरी धरतं, ना धड उभं राहता येत ना बसता, ती चमक. कुणी तिला उसण म्हणतं. अशा माणसाला पालथं निजवायचं आणि पायाळूनं डाव्या पायाचा तळवा दुखऱ्या जागेवर तीनदा दाबायचा. सकाळी, चहाच्या आधी. दोघांनीही बोलायचं नाही. काम झाल्यावर पैसे नाहीत, आभार नाहीत. फक्त समोरचा वयानं मोठा असेल तर पायाळूनं वाकून त्याच्या पाया पडायचं, कारण मोठ्या माणसाला पाय लावलेला असतो.

पहिला पाय मी चुलत्यांना दिला, तेव्हा सात वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी चुलते ताठ चालत दुधाची किटली घेऊन डेअरीवर गेले आणि माझं नाव झालं. लग्न होऊन महाळुंगे पडवळला आले तर माझ्या आधी माझ्या पायाची बातमी येऊन बसलेली. सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर तीन म्हातारे पालथे पडायला तयार. अंगाची हळद निघाली नव्हती आणि मी सासरच्या माणसांच्या पाठीवर पाय ठेवत सुटले होते. सासूबाईंना केवढं कौतुक! त्या माणसांना रांगेत बसवायच्या.

यातली गंमत अशी की मी अंगणवाडी सेविका आहे. दिवसभर मी बायकांना दम देत असते, पोराला ताप आला की अंगारे-धुपारे करू नका, उपकेंद्रात जा. माझा आवाज मोठा, नाकावर राग, त्यामुळं बायका ऐकतात. आणि तीच मी सकाळी घरात लोकांच्या पाठीवर उभी. एकदा आमच्या पर्यवेक्षिकेनं हे ऐकलं आणि विचारलं, ताई, तुम्ही शिकलेल्या, तुमचा यावर विश्वास आहे? मी म्हटलं, बाई, माणूस वाकडा येतो आणि चार दिवसांनी सरळ जातो, विश्वास ठेवू नको तर काय करू? चार दिवसांत ती चमक कुणी हात न लावताही उतरली असती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी मी कबूल केलं नसतं.

सगळ्या गावाला माझा पाय चालायचा, एका माणसाला सोडून. आमच्या ह्यांना. नवऱ्याचं नाव आमच्या पिढीतल्या बायका घेत नाहीत, मीही घेणार नाही, हेच म्हणेन. ह्यांना कधी चमक भरली की हे मोटारसायकलवर वाकडे बसून पार कळंबपर्यंत जायचे, तिथं एक पायाळू गडी होता. घरात औषध असताना बाहेर! मी भांडले की म्हणायचे, “बायकोचा पाय पाठीला लावून घिऊ? गाव काय म्हनंल?” गावाच्या पाठीला तोच पाय लागलेला असायचा, पण ते वेगळं. तीस वर्षं त्यांनी एकदाही माझ्या पुढ्यात पाठ केली नाही. मला ते लागायचं. खरंच लागायचं.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात कांदा काढला आणि बराखीत भरायला घेतला. बराख म्हणजे कांदा साठवायची लांबट, जाळीच्या भिंतींची चाळ, वारा खेळता राहावा म्हणून उंचावर बांधलेली. मजूर कमी आले होते, म्हणून हे स्वतः गोण्या पाठीवर टाकून चढवत होते. साठीला टेकलेला माणूस, पण कुणी थांबा म्हटलं की आणखी दोन गोण्या जास्त. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गोणी उचलताना कमरेत काहीतरी झालं. ओरडले नाहीत. गोणी खाली ठेवली आणि बराखीच्या खांबाला धरून बराच वेळ उभे राहिले.

पहिले काही दिवस सगळ्यांना चमकच वाटली. पण ही चमक वेगळी वागत होती, आणि मी इतक्या पाठी पाहिलेली बाई, मला ते तेव्हाच दिसायला हवं होतं. चमक कमरेत राहते. ह्यांची कळ कमरेतून निघून कुल्ल्यात उतरायची, तिथून मांडीच्या बाहेरच्या अंगानं पोटरीला, नडगीवरून थेट पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्यापर्यंत. शिंक आली की भिंत धरायचे. खोकला आला की डोळ्यांत पाणी. बसून जेवता येईना, उभ्यानं ताट हातात धरून जेवायचे. रात्री कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडले की तेवढं बरं वाटायचं. मी मलम चोळलं, वीट गरम करून शेकलं, मेडिकलमधून गोळी आणली. गोळीचा अंमल असेपर्यंत ठीक, मग परत तेच. मी म्हणाले, मंचरला हाडाच्या डॉक्टरला दाखवू. म्हणाले, “डाक्टर काय, फोटू काढतो आन् आपरेशन सांगतो. बराखीचं उरकू दे.” माझंही तोंड गप्प बसणारं नाही. दिवसातून दहा वेळा ओरडायचे, उचलू नका, वाकू नका, आडवे पडा. आमचं बोलणं म्हणजे तेवढंच उरलं होतं.

पंधरा-सोळा दिवस झाले असतील. एका सकाळी मी चुलीपुढं बसले होते, चहाचं आधण ठेवायचं होतं. हे आत आले आणि काही न बोलता स्वयंपाकघरातच घोंगडी अंथरून पालथे पडले. मला कळेना. मग तोंड घोंगडीत खुपसूनच म्हणाले, “दे.”

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. माणूस दुखण्यानं बेजार झालाय आणि बायकोला आनंद! पण झाला. तीस वर्षांनी का होईना, आले ना शेवटी माझ्याच पायाशी. मी पदर खोचला, भिंतीला हात लावला आणि डावा पाय त्यांच्या कमरेवर ठेवला. एक. दोन. तिसऱ्यांदा जरा जोरातच दाबला, त्यात कळंबच्या पायाळूचाही राग होता. ते कण्हले. मी वाकून त्यांच्या पाया पडले आणि चहा टाकला. त्या दिवशी कोरा चहासुद्धा गोड लागला.

आणि काय सांगू, आराम पडला! दोन दिवसांत कळ निम्म्यावर आली. चौथ्या दिवशी हे खाली बसून जेवले. मी गावभर सांगितलं. अंगणवाडीत, डेअरीवर, विहिरीवर, माझ्या तोंडाचा पट्टा थांबेना. “पंधरा दिवस गोळ्या खाल्ल्या, काय न्हाई झालं. माझा पाय लागला आन् बघा.” मंचरचं नाव मी स्वतःहून टाकून दिलं. हे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: डॉक्टरकडे जाणं त्यांनी पुढं ढकललं होतं, पण बंद मी केलं.

पाय दिल्याच्या आठव्या दिवशी दुपारी हे रानातून आले. मी ओट्यावर कांदे निवडत बसले होते. बघते तर डाव्या पायात चप्पल, उजवा पाय मोकळा. ऊन असं की दगडाला हात लावता येत नव्हता. मी म्हटलं, “अहो, दुसरी चप्पल कुठं टाकलीत?” त्यांनी खाली पाहिलं. पायात चप्पल नाही हे त्यांना मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. अंगठ्याच्या नखातून रक्त येत होतं, कुठंतरी ठेच लागलेली, तीही माहीत नव्हती.

मी आधी ओरडले. ध्यान कुठं असतं तुमचं, म्हणून. मग म्हटलं, चालून दाखवा. ते अंगणात चालले. उजवं पाऊल समोरून उचललंच जात नव्हतं. गुडघा उंच घ्यायचे आणि पाऊल थप्प करून खाली पडायचं. मी रक्त पुसायला फडकं ओलं केलं आणि पावलाच्या वरच्या बाजूवर फिरवलं. म्हटलं, लागतंय का? म्हणाले, लागतंय, पर लांबून लागल्यावानी. कळीचं विचारलं तर म्हणाले, कळ तर ऱ्हायलीच न्हाई आता. आणि हे ते बरं वाटून सांगत होते! चप्पल शोधायला मी रानाच्या वाटेनं गेले, ती बांधावर सापडली. ती हातात घेऊन मी घरी आले. तीस वर्षांत मी पाठी पाहिल्या, पावलं कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मंचरला गेलो. आमच्याकडं भाजी वाहायची पिकअप आहे, ती कायम हेच चालवायचे. त्या दिवशी चावी मी लपवली आणि शेजारच्यांना चालवायला लावली. हे बाजूला बसून उजवा पाय हातानं उचलून नीट ठेवत होते.

डॉक्टर पन्नाशीचे, शांत. त्यांनी आधी हात लावलाच नाही, चालायला लावलं. मग चवड्यांवर चाला म्हणाले, ते जमलं. मग टाचांवर चाला म्हणाले. डावी टाच टेकली, पाऊल वर राहिलं. उजवं पाऊल पडलं. परत केलं, परत पडलं. टेबलावर झोपवून त्यांनी पायाच्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवलं आणि म्हणाले, काका, माझ्या बोटाला वर ढकला. ह्यांनी दात आवळले, कपाळाची शीर फुगली, अंगठा जागचा हलला नाही. माझा नवरा गोणी उचलणारा माणूस. त्याला एक बोट ढकलता येईना. मी खिडकीकडं बघायला लागले.

मग डॉक्टरांनी लघवीचं विचारलं. अडते का, कळत नाही असं होतं का, बसायच्या जागेला बधिरपणा आहे का. हे माझ्याकडं बघून लाजले. डॉक्टर म्हणाले, “लाजू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. तसं असेल तर मला आज संध्याकाळची वाटसुद्धा बघता येणार नाही.” तसं काही नव्हतं. तेवढं देवानं राखलं.

त्याच दिवशी एमआरआय झाला, त्या मशीनच्या नळीत ह्यांनी घट्ट डोळे मिटून घेतले होते म्हणे. डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावला आणि मला जवळ बोलावलं. मणके एकावर एक, मध्ये गाद्या. एक गादी मागच्या बाजूला बाहेर आली होती आणि पायाकडं जाणारी नस तिच्याखाली चेंगरलेली. तेवढंसं ते. ते म्हणाले, “नुसती कंबर धरते त्यापेक्षा हे वेगळं. कळ कमरेतून पायात उतरली की नस दबल्याची शंका घ्यायची. तरी बहुतेक लोकांना ऑपरेशन लागत नाही. गोळ्या, थोडी विश्रांती, मग चालणं आणि व्यायाम, महिना-दीड महिन्यात माणूस सुटतो. पण पावलातली ताकद जायला लागली की थांबायचं नाही.” मी विचारलं, मग कळ कमी झाली होती ती? ते म्हणाले, “कळ गेली आणि ताकदही गेली, तर तो आराम नाही, ताई. ती नस बोलायची बंद होत असते.”

म्हणजे मी गावभर मिरवलं ते हेच.

मग त्यांनी सहज विचारलं, कुणी चोळलं का, पाठीवर पाय-बिय दिला का. हे लगेच म्हणाले, “न्हाई, न्हाई.” मी म्हणाले, “दिला. मी दिला. तीनदा. जोरात दिला.” डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता झाडतील, आणि झाडलं असतं तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, “तुमच्या पायानं हे झालं असं मी म्हणणार नाही. त्यानं काहीच बिघडलं नाही असंही छातीठोक सांगू शकत नाही. दिवस मात्र गेले.”

ऑपरेशन पुण्याला झालं. पाठीला लहानशी चीर, बाहेर आलेला गादीचा तुकडा काढला, नस मोकळी केली. दुसऱ्या दिवशी ह्यांना उभं केलं. कळीचा पत्ता नव्हता. मी पावलाकडं बघत होते. पाऊल तसंच लोंबत होतं. सर्जन म्हणाले, नस मोकळी झाली, पण चेंगरलेली नस हळूहळू भरून येते, महिने लागतात. येईल? मी विचारलं. येते पुष्कळदा, म्हणाले, पण खात्री देत नाही, उशीर झालेला आहे. घरी सोडताना पायात घालायला प्लास्टिकचा पट्टा दिला, बुटात बसणारा, पाऊल वर धरून ठेवणारा. पिकअपवर ताडपत्री टाकली. उजवा पाय ब्रेकवर जाईल की नाही याचा भरवसा नसलेल्या माणसाला गाडी कोण देणार?

व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी मला बसवून शिकवलं. दिवसातून तीन वेळा त्यांचं पाऊल माझ्या मांडीवर घ्यायचं, अंगठ्यावर माझं बोट ठेवायचं आणि म्हणायचं, वर. हलो न हलो, त्यांनी वर ओढायचा प्रयत्न करायचा. वीस वेळा. एकही दिवस चुकवायचा नाही.

मी एकही दिवस चुकवला नाही. सकाळी अंगणवाडीच्या आधी, दुपारी आल्यावर, संध्याकाळी दिवा लावल्यावर. वीस वेळा मी म्हणायचे, वीस वेळा काहीच व्हायचं नाही. आणि मी बदलले. माझी मलाच कळेनाशी झाले. हे ओट्यावर थुंकले तरी मी गप्प. आंघोळीचं पाणी काढून द्यायचे, टॉवेल हातात द्यायचे, भाजीत मीठ कमी म्हटलं की आणून वाढायचे. आधी मी मिठाची बरणीच पुढ्यात आपटली असती. कुणाला बोलायला मला तोंड उरलं नव्हतं. हे कधी कधी जाऊन ताडपत्री वर करून पिकअपमध्ये स्टेअरिंगपुढं बसायचे. मी दारातून बघायचे आणि आत जाऊन पाण्याची घागर उगाच हलवायचे. माझा डावा पाय मला नकोसा झाला होता. त्याच्यावर पाणी घालतानासुद्धा मी बघायचे नाही.

लोक सकाळी यायचे ते यायचेच. मी दार लावून घ्यायला लागले. शेजारची एक आजी फार मागं लागली, कंबर धरून ओट्यावर बसली, उठेना. मी बाहेर आले, म्हटलं, आजी, कळ पायात उतरती का? न्हाई, हितंच हाय, म्हणाली. टाचांवर चाला. ती बिचारी लुगडं वर धरून अंगणात टाचांवर चालली, दोन्ही पावलं चांगली उचलली गेली. म्हटलं, चार दिवस जड उचलू नका, हिंडत-फिरत राहा, आपोआप जाईल. पाय तेवढा द्यायचा नाही म्हटल्यावर तिला राग आला. “नवऱ्याला दिला तवा बरा व्हता,” म्हणाली आणि गेली. ती मला लागावं म्हणून बोलली नव्हती. पण मी त्या दिवशी जेवले नाही.

चार महिने झाले. गणपती उठून गेले होते. अंगणात झेंडूची रोपं होती, त्यांना पाणी घालून मी संध्याकाळी ओट्यावर बसले आणि पाऊल मांडीवर घेतलं. पट्टा काढून ठेवला. एक, वर. दोन, वर. हे समोर रस्त्याकडं बघत ओढत होते, दोघांनाही आता सवय झाली होती. अकरा म्हटलं आणि माझ्या बोटाला काहीतरी लागलं.

मला वाटलं माझंच बोट थरथरलं. मी म्हटलं, परत ओढा. अंगठा वर आला. तांदळाच्या दाण्याइतका असेल, पण आला आणि माझ्या बोटाला टेकला. ह्यांनीही वाकून पाहिलं. मी परत म्हटलं, परत आला.

मी रडायला लागले. इतके महिने डोळ्यांत टिपूस नव्हता, आता हुंदके आवरेनात. पाऊल छातीशी धरून म्हणत होते, “सुटले गं बाई. माझ्या पायाचं पाप फिटलं. देवा, फिटलं माझं.” मला वाटलं हेही रडतील, नाहीतर हसतील. मी वर पाहिलं तर माणसाचं तोंड उतरलेलं.

“रडू नगं,” म्हणाले. “तुझं पाप न्हवतंच ते.”

“मग कुणाचं?”

ते म्हणाले, “तुझा पाय घ्यायच्या आदी चार दिस म्या वर जंगलात आहुप्याला गेलो व्हतो. मंचरला बियाणं बघाया जातो म्हणून सांगितलं, पर मित्राच्या जीपनं आहुप्याला गेलो. तिथं एक म्हातारा झाडपाला देतो, म्हणलं बघावं. त्यानं मला अंगणात टाचंवर चालाया लावलं. पाऊल पडलं.”

मी पाऊल छातीवरून खाली मांडीवर ठेवलं.

“पडलं म्हंजी? तेव्हाच?”

“तवाच. म्हातारा म्हणला, ही नस हाय, माझ्याकडं हिला पाला न्हाई. उद्याच्याला डाक्टर गाठ, पाय जाईल. मला त्यानं कायबी दिलं न्हाई. लई भ्यालो मी. आपरेशनला भ्यालो. मग म्हणलं तुझ्या पायानं समद्या गावाला गुण येतो, मला आला तर आला.”

जंगलातला म्हातारा एका नजरेत ओळखतो, परत पाठवतो, आणि हे चार दिवस ती गोष्ट खिशात ठेवून माझ्या चुलीपुढं येऊन पालथे पडतात. पाऊल आधीच गेलेलं! माझ्या पायाला आरोपी करून चार महिने मी स्वतःला जाळत होते, टॉवेल देत होते, मीठ वाढत होते, आणि ह्या माणसाला सगळं माहीत होतं. दवाखान्यात डॉक्टर चष्मा पुसत होते तेव्हाही माहीत होतं.

माझा आवाज परत आला. असा आला की समोरच्या घरातली बाई भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही आणि आठवलं तरी लिहिण्यासारखं नाही. शेवटी दम लागला तेव्हा विचारलं, “बरं, पहिलं भीतीनं झालं. नंतर का न्हाई सांगितलं? चार महिने काय तोंडात मिठाची गुळणी धरली व्हती?”

ते खाली बघून म्हणाले, “सांगणार व्हतो. रोज म्हणायचो उद्या सांगू. पर तू वरडायची थांबली व्हतीस. माझ्याशी गोड बोलाया लागलीस. तीस वर्सांत असं कधी झालं न्हवतं. म्हणलं, सांगितलं तर हे जाईल.”

रागाच्या खाली काहीतरी फार दुखलं. मी म्हणाले, “ते गोड बोलणं न्हवतं हो. भ्याले व्हते मी. तुमचं पाऊल माझ्यामुळं गेलं म्हणून भ्याले व्हते.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या तोंडावरून मला कळलं की हे त्यांना खरंच कळलं नव्हतं. चार महिने एका घरात, त्यांचं पाऊल माझ्या मांडीवर, आणि मी भ्यालेय हे त्यांना कळलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

समोरची बाई आत गेली. मांडीवर त्यांचं पाऊल तसंच होतं, ढकलून द्यावं असं एकदा मनात आलं. मी नाक पुसलं आणि बोट परत अंगठ्यावर ठेवलं.

“बारा,” मी म्हटलं. “वर.”